आईची साखर आणि दुकानाचा हिशोब



आजचा विषय ऐकून काहीजणी रेडिओचा आवाज कमी करतील, म्हणून आधीच विनंती करते, शेवटपर्यंत ऐका. विषय आहे कॉम्प्युटरवरचे दुकानाचे खेळ. पोरं मोबाईलवर धडाधड गोळ्या झाडतात, ते खेळ वेगळे. इथे आपण दुकानदार असतो. माल आणायचा, मांडायचा, भाव ठरवायचा आणि विकायचा. सध्या यातला एक प्रकार बऱ्याच जणींना आवडतो. त्यात मोडक्या, मातीने भरलेल्या जुन्या वस्तू आणायच्या, घासूनपुसून नीट करायच्या आणि गिऱ्हाइकाला द्यायच्या.

मी बचत गटांची समन्वयक. माझं रोजचं काम म्हणजे बैठका घेणं आणि वह्या तपासणं. मग मला या खेळांचं काय, असं तुम्ही विचाराल. या खेळांना साठ वर्षांचा इतिहास आहे. त्याच्या सुरुवातीला एक शाळामास्तरीण बाई आहेत. आणि या इतिहासात एक खर्च असा आहे, की तो कधी थोडा दिसतो आणि पुढे दिसेनासा होतो. आपल्या गटांच्या वह्यांतूनही नेमका तोच खर्च गळतो. तो कोणता, हे आज शोधू या.

सुरुवात अमेरिकेतून. न्यूयॉर्क राज्यात कटोना नावाचं गाव आहे. तिथल्या शाळेत मेबल ॲडिस नावाच्या बाई चौथीला शिकवायच्या. त्यांना प्राचीन इतिहासाची आवड होती. १९६० नंतरच्या त्या वर्षांत तिथलं शिक्षण मंडळ आणि आयबीएम ही कॉम्प्युटरची कंपनी मिळून एक प्रयोग करत होते: कॉम्प्युटरवर खेळ खेळवून मुलांना शिकवता येईल का? तेव्हाचा कॉम्प्युटर म्हणजे आख्खी खोली भरणारं यंत्र. खेळ लिहायचं काम आलं ॲडिस बाईंकडे, आणि तो यंत्राच्या भाषेत बसवला विल्यम मॅके यांनी. खेळाचं नाव ‘द सुमेरियन गेम’. १९६४ साली सहावीची तीस मुलं तो पहिल्यांदा खेळली.

त्याला आजच्यासारखा पडदा नव्हता. टाईपरायटरसारख्या यंत्रातून कागद बाहेर यायचा. मूल असायचं लगाश या नगराचं राजा. हे लगाश सुमेर देशातलं, म्हणजे आजच्या इराकमधलं. दर हंगामाला कागदावर यायचं की माणसं इतकी, जमीन इतकी, धान्य इतकं पिकलं, कोठारात इतकं शिल्लक. मग राजाने सांगायचं की खायला किती द्यायचं, पेरायला किती ठेवायचं आणि साठवायचं किती. खायला कमी दिलं तर माणसं उपाशी. बियाणं कमी ठेवलं तर पुढचं साल कोरडं. कणगीतलं बियाणं राखणाऱ्या आपल्या कुठल्याही आजीला यात नवं काहीच वाटणार नाही. पण यंत्रावर हे गणित खेळ म्हणून पहिल्यांदा मांडलं ते या बाईंनी. कारभार चालवण्याचे जेवढे म्हणून कॉम्प्युटर खेळ पुढे आले, त्यांची ही आजी.

या बाईंचं नाव बरीच वर्षं कुणाला ठाऊक नव्हतं. त्या २००४ साली वारल्या. खेळ बनवणाऱ्यांच्या जगात पायोनिअर म्हणून पुरस्कार देतात, तो त्यांना २०२३ साली मिळाला. म्हणजे त्या गेल्यावर एकोणीस वर्षांनी.

पुढे काय झालं? १९६८ साली डग डायमेंट यांनी याच कल्पनेवर एक छोटा खेळ लिहिला. तो डेव्हिड आल यांनी बेसिक भाषेत आणला आणि १९७३ साली पुस्तकात छापला. त्याचं नाव ‘हमुराबी’. यात जमिनीची खरेदी-विक्री आली. जमिनीचा भाव दरवर्षी बदलायचा आणि किंमत धान्यात मोजायची. म्हणजे कोठाराच्या हिशोबात बाजार शिरला.

त्याच १९७३ साली अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात शाळांसाठी आणखी एक खेळ तयार झाला, ‘लेमोनेड स्टँड’. लिंबू सरबताची गाडी. तो लिहिला बॉब जेमिसन यांनी. पुढे १९७९ साली तो ॲपलच्या कॉम्प्युटरवर आला आणि घराघरांत पोचला. खेळणाऱ्याच्या हातात दोन डॉलर भांडवल. रोज सकाळी हवामानाचा अंदाज यायचा: ऊन, कडक ऊन, ढगाळ. मग तीन गोष्टी ठरवायच्या. किती ग्लास सरबत करायचं, जाहिरातीच्या पाट्या किती लावायच्या आणि ग्लासाचा भाव काय ठेवायचा. ऊन पडलं तर गल्ला भरला. वादळ आलं तर सगळं सरबत वाया.

आता कान देऊन ऐका. सुरुवातीला एक ग्लास सरबत करायला खर्च यायचा फक्त दोन सेंट. तिसऱ्या दिवशी पडद्यावर सूचना यायची की आईने फुकट साखर देणं बंद केलं आहे. लगेच ग्लासाचा खर्च दोनाचा चार सेंट. दुप्पट! काल ज्या भावात नफा होत होता, त्या भावात आज हातात काही उरेना. दोन दिवस जो नफा आपल्या हुशारीचा वाटत होता, त्यातला मोठा वाटा आईच्या डब्यातल्या साखरेचा होता, हे शाळकरी पोरांना तिसऱ्या दिवशी कळायचं. धंद्याचं इतकं खरं वाक्य मी कुठल्याच प्रशिक्षणात ऐकलेलं नाही.

म्हणून त्या खर्चाला मी नाव ठेवलंय, आईची साखर. घरातून फुकट मिळतं म्हणून वहीत न लिहिलेलं सगळं म्हणजे आईची साखर. ‘लेमोनेड स्टँड’मध्ये निदान ती सांगितली तरी होती. आता पुढच्या खेळांत ती कशी दिसेनाशी झाली ते बघा.

१९९० साली जपानमध्ये ‘ड्रॅगन क्वेस्ट’ या गाजलेल्या खेळाचा चौथा भाग आला. त्यात एका प्रकरणाचा नायक योद्धा नाही, राजपुत्रही नाही. तो तोर्नेको नावाचा गोल पोटाचा साधा माणूस आहे. हत्यारांच्या दुकानात नोकरी करतो. स्वतःचं दुकान काढायचं, हे त्याचं स्वप्न. तो रोज सकाळी घरातून निघतो तेव्हा बायको त्याच्या हातात जेवणाचा डबा देते. पुढे त्याचं दुकान होतं. तो माल शोधायला गावोगाव फिरतो आणि गल्ल्यावर बसून माल विकते ती बायको. तो परत आला की आलेले पैसे ती त्याच्या हातात ठेवते. त्या डब्याची किंमत खेळात कुठे लागत नाही आणि तिच्या दिवसभर बसण्याचीही नाही. नाव मात्र तोर्नेकोचं. आपल्या बाजारपेठेत ‘अमुक अँड सन्स’ अशा पाट्या असतात ना? त्यातल्या किती दुकानांत दुपारी गल्ल्यावर वहिनी बसलेल्या असतात ते आठवा.

२००७ साली जपानमध्येच ‘रेसेटिअर’ नावाचा खेळ आला. यात दुकानदार एक मुलगी आहे, रेसेट. तिचे वडील कर्ज काढून परागंदा झालेत. सावकारी कंपनीची एक परी दारात येते आणि सांगते की घरातच दुकान काढ आणि हप्ते फेड. पहिल्या आठवड्याचा हप्ता १०,०००. मग ३०,०००, मग ८०,०००, मग २,००,००० आणि पाचव्या आठवड्याला ५,००,०००. एकूण ८,२०,०००, त्यांच्या खेळातल्या पैशात. हप्ता चुकला की घर गेलं. गिऱ्हाईक घासाघीस करतं. कुणाला दोन पैसे जास्त सांगायचे, कुणाला कमी, हे चेहरा बघून शिकावं लागतं. बाजारात एखाद्या मालाचा भाव अचानक चढतो, अचानक पडतो. गटातून कर्ज घेतलेल्या बाईला हा खेळ दाखवला तर तिला घाम फुटेल, इतका तो ओळखीचा आहे. बापाचं कर्ज लेकीच्या डोक्यावर, हेही ओळखीचंच. हप्त्याचा हिशोब यात आहे. रेसेटच्या दिवसभराच्या मेहनतीची मजुरी मात्र कुठेही नाही.

यानंतर लोकांना या धास्तीचा कंटाळा आला असावा. नोकरीत ताण, घरी ताण आणि खेळातही हप्ता, कोण सहन करेल? त्याच्या उलट वाट निन्टेन्डो या कंपनीने २००१ साली ‘ॲनिमल क्रॉसिंग’मध्ये काढली होती. त्यात आपण एका छोट्या गावात राहायला जातो. तिथला दुकानदार टॉम नुक आपल्याला घरासाठी कर्ज देतो. व्याज शून्य, मुदत नाही. जमेल तेव्हा फेडा! असा सावकार आपल्या तालुक्यात आला तर त्याची मिरवणूक काढू. याच खेळाचा पुढचा भाग २०२० साली २० मार्चला आला. जगभर लॉकडाऊन लागत होतं, माणसं घरात कोंडली गेली होती. त्या दिवसांत लाखो लोकांनी त्या बिनव्याजी गावात आसरा घेतला. ज्या खेळांत घाई नाही, मारामारी नाही, हरण्याची भीती नाही, त्यांना आता ‘कोझी’ म्हणजे उबदार खेळ म्हणतात.

दुरुस्तीच्या दुकानाचे खेळ या उबदार घराण्यातले. २०१९ साली ‘असेम्बल विथ केअर’ आला. त्यातली मारिया जुन्या वस्तू दुरुस्त करत देशोदेशी फिरते. कॅमेरा, कॅसेटचा टेपरेकॉर्डर असं काहीबाही लोक तिच्याकडे आणतात. आपण स्क्रू काढायचे, आतला तुकडा बदलायचा, पुन्हा बसवायचं. ब्रिटनमधल्या एका छोट्या कंपनीचा ‘ट्रॅश गॉब्लिन’ हा २०२५ साली पूर्ण होऊन बाजारात आला. गॉब्लिन म्हणजे तिकडच्या गोष्टींमधला मोठ्या कानांचा बुटका प्राणी. त्याचं छोटंसं दुकान आहे. कचऱ्याच्या ढेकळात अडकलेली वस्तू छिन्नीने मोकळी करायची, स्पंजने धुवायची, दोन वस्तू जोडून तिसरी करायची आणि गिऱ्हाइकाला विकायची.

आमच्या गटातल्या एका ताईंच्या मुलीच्या लॅपटॉपवर मी तो तीन संध्याकाळी खेळले. खरं सांगते, बरं वाटतं. टक टक करून माती सुटते, आतून काहीतरी चकाकतं, आणि दिवसभराचा शीण उतरतो. वाया गेलेली वस्तू आपल्या हाताने पुन्हा उभी राहते, याचं सुख बायकांना सांगायला नको. जुन्या साडीची गोधडी शिवणाऱ्या आपण. तेव्हा खेळ वाईट आहे असं मी मुळीच म्हणणार नाही. खेळ विसाव्यासाठी आहे आणि विसावा देतो.

फक्त एक लक्षात आलं. या दुकानात वस्तू घासायला लागलेल्या वेळाची किंमत शून्य आहे. पाच मिनिटं घासा नाहीतर तासभर, नफा तेवढाच. दिवा जळत नाही, पाणी भरावं लागत नाही, गॉब्लिनच्या घरी भाकऱ्या थापायच्या नाहीत. ‘लेमोनेड स्टँड’मधली आई तिसऱ्या दिवशी साखर बंद करायची. इथली आई साखर कधीच बंद करत नाही, कारण ती देते आहे हेच कुठे लिहिलेलं नाही.

आपल्याकडे जुन्या वस्तूंचा खरा धंदा कोण करत आलं? बोहारीण. डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन ती दारात बसते, साडी उलगडते, जर तपासते, फाटलेलं बोट घालून दाखवते. आपण म्हणतो पातेलं दे, ती म्हणते आणखी एक शर्ट टाका. आपल्याला राग येतो की किती ताणते. पण त्या ताणण्यात तिचे पाय आहेत. उन्हातून किती गल्ल्या फिरली, जुनेरं निवडायला घरी किती वेळ जाणार, हे सगळं तिने पातेल्याच्या भावात धरलेलं असतं. ती वही लिहीत नाही, तरी तिचा हिशोब आपल्या वहीपेक्षा पक्का आहे.

आता हे सगळं आज का सांगतेय ते ऐका. गेल्या दिवाळीआधी आमच्या एका गटातल्या तिघी माझ्याकडे आल्या. भंगारातून जुन्या पितळी वस्तू घ्यायच्या, उजळायच्या आणि शहरातल्या प्रदर्शनात विकायच्या, असा त्यांचा बेत. गटातून १५,००० रुपये अंतर्गत कर्ज हवं होतं. कल्पना चांगली होती. हात कष्टाळू होते. बैठकीत सगळ्यांचं मत होतं की पैसे द्यावेत. मी म्हटलं, देऊ या. आधी दोन वस्तू करून बघू आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून तास लिहू.

पहिली वस्तू समई. भंगारात ४०० रुपयांना मिळाली. चिंच, लिंबू, पॉलिश, फडकी आणि रिक्षा मिळून ८० रुपये. विकली ७०० ला. हातात राहिले २२०. तिघी खूश. मग तास मोजले. घासायला, पोचे काढायला, चकाकी आणायला, आणायला-न्यायला मिळून सहा तास. म्हणजे तासाला सदतीस रुपयेसुद्धा पडले नाहीत. त्यांच्या गावात खुरपायला गेलं तर तासाला पन्नास पडतात. सहा तासांचे ३०० झाले असते. म्हणजे समईवर नफा २२० दिसला, पण मजुरी धरली तर ८० रुपयांचा तोटा.

दुसरी वस्तू पितळी अडकित्ता. ६० ला घेतला, खर्च १५, विकला २५० ला. राहिले १७५. वेळ लागला दीड तास. मजुरीचे ७५ वजा केले तरी १०० रुपये खरा नफा.

त्या दोन वस्तूंनी बेत बदलला. मोठ्या वस्तू विकत घ्यायच्या नाहीत. अडकित्ते, करंडे, छोट्या घंट्या, निरांजनं एवढंच घ्यायचं. मोठी समई किंवा घंगाळ कुणी उजळायला आणून दिलं, तर तासाच्या मजुरीने करून द्यायचं. १५,००० ऐवजी ६,००० पुरले. हप्ते वेळेवर आले. आणि मुख्य म्हणजे, ‘तुझी सून दिवसभर घासत बसते, मिळतं काय?’ या प्रश्नाला त्यांच्याकडे आकड्यात उत्तर होतं.

याच धंद्यातल्या आणखी दोन गोष्टी जाता जाता सांगते, कारण खेळात त्या शिकवत नाहीत. खेळात जितकं घासाल तितकी वस्तू चांगली. खऱ्या जगात तसं नाही. बिदरी भांड्याचा काळा रंग हा मळ नव्हे, ती कारागिराने मुद्दाम आणलेली काळी झळाळी आहे. त्यावर चांदीचं नक्षीकाम उठून दिसतं. चिंच लावून ते घासलं तर वस्तू गेली. तेव्हा ओळखल्याशिवाय हात लावू नका. दुसरी गोष्ट कायद्याची. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती, नाणी, कलावस्तू अशा गोष्टींचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही. फार जुनी मूर्ती किंवा नाणं हाती आलं तर विकायच्या आधी पुरातत्त्व खात्याकडे विचारा.

आता मूळ मुद्दा. आपल्या गटांची पंचसूत्री सगळ्यांना पाठ आहे: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जवाटप, नियमित परतफेड आणि अद्ययावत लेखे. पाचवं सूत्र लेख्यांचं. पण लेख्यांत काय लिहायचं? आपण तेल लिहितो, पीठ लिहितो, पिशव्या लिहितो. पापड लाटायला पहाटे चारला उठलेली बाई लिहित नाही. २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची सरकारी पाहणी झाली. घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांचे रोजचे सरासरी २९९ मिनिटं त्यात जातात, असं त्यात आढळलं. म्हणजे जवळपास पाच तास. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचा आकडा होता ९७ मिनिटं. गटाचा धंदा आपण या पाच तासांच्या वर करतो. तेव्हा त्या वरच्या तासाला किंमत लावायची नाही, असं म्हणून कसं चालेल?

काहीजणी म्हणतील, ‘ताई, तास धरले तर भाव वाढतो, माल कोण घेणार?’ प्रश्न बरोबर आहे. भाव वाढवाच असं मी म्हणत नाही. बाजारात जो भाव चालतो तोच ठेवा. पण तास लिहा. लिहिले की तीन गोष्टी दिसतात. कुठला माल करण्यात अर्थ आहे. कुठल्या कामाला यंत्र घेतलं तर फायदा. आणि कुठल्या वस्तूच्या मागे आपण केवळ सवयीने घासत बसलोय. लिहिल्यावरही एखादं काम तोट्यात करायचं ठरवलं, तर तेही करा. पण ते आपण ठरवलेलं असेल, नकळत घडलेलं नसेल.

साठ वर्षांपूर्वी ॲडिस बाईंनी मुलांसमोर ठेवलेला प्रश्न आजही तसाच आहे. कोठारात किती आहे, खायला किती, पेरायला किती. आपल्या कोठारात धान्य आणि पैसा यांच्या जोडीला आणखी एक गोष्ट आहे, आपला दिवस. तोही मोजून खर्च करायचा माल आहे.

पुढच्या बैठकीला वही उघडाल तेव्हा ‘खर्च’ या रकान्याच्या शेजारी एक रेघ ओढा आणि वर लिहा, ‘तास’. महिनाभर भरा. सचिव ताईंनी महिन्याच्या शेवटी बेरीज वाचून दाखवावी, सगळ्यांसमोर, मोठ्याने. आणि संध्याकाळी वेळ मिळालाच तर लेकीच्या लॅपटॉपवर गॉब्लिनचं दुकानही जरूर चालवा. तिथे तास मोजू नका, तो तुमचा विसावा आहे.